चढावरचा तिसरा गिअर

मला डावा हात आहे, पण तो माझं ऐकत नाही. मोशीच्या चौकाजवळ स्कूटरवरून पडले तेव्हा खांद्यातल्या नसा मुळापासून तुटल्या. हात जागेवर राहिला, रंग राहिला, नखं वाढत राहिली, फक्त त्याच्यापर्यंत हुकूम पोचणं बंद झालं. दवाखान्यातून घरी आल्यावर मी पहिलं काम कुठलं केलं असेल तर त्या मनगटावर माझं जुनं, स्टीलच्या पट्ट्याचं घड्याळ परत चढवलं. गळ्यात अडकवायला झोळी दिली होती, ती कपाटात गेली. लोकांनी बघितल्याबरोबर चुकचुकू नये एवढीच माझी अपेक्षा होती. ती कोणी पुरी केली नाही हा भाग वेगळा.

मी चाकणला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. दुसऱ्यांच्या चुका शोधणं हे माझं काम. पंधरा वर्षं पगार घेऊन ते केल्यावर स्वभाव जो व्हायचा तो झालेला आहे. नवरा ताथवड्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. तो पोरांवरसुद्धा आवाज चढवत नाही, त्यामुळे घरातला आवाजाचा सगळा कोटा माझ्याकडे असतो.

गाडी अपघाताच्या आदल्या वर्षी घेतली होती. बुटकी, रुंद, टर्बो इंजिनची, हाताने टाकायचे सहा गिअर असलेली. नवऱ्याच्या मते ती आमच्या गरजेच्या चौपट होती, आणि त्याचं म्हणणं खरं होतं. अपघातानंतर सगळ्यांनी एकच सल्ला दिला, ऑटोमॅटिक घे. सल्ला शहाणपणाचा होता आणि तो ऐकला की माझं डोकं फिरायचं. ऑटोमॅटिक घेऊन मी कंपनीत, बाजारात, फिजिओथेरपीला, जिथं जायला हवं तिथं गेले असते. पण मला नुसतं पोचायचं नव्हतं, गाडी चालवायची होती. तिसऱ्या गिअरला इंजिन भरत जातं, आणि आता चौथा टाकायचा की अजून थोडं ताणायचं हे आपण ठरवायचं असतं. मला ते ठरवणं परत हवं होतं. हात गेलेल्या बाईनं कामापुरतं मागावं, हौस मागू नये, असं तोंडावर कोणी म्हणत नाही. तरी ते मला दिवसातून चारदा ऐकू यायचं.

नवऱ्यानं एक गोष्ट मात्र कबूल करून घेतली. गाडीत बदल करून आरटीओची तपासणी पार पडली आणि लायसन्सवर तशी नोंद झाली, तर गाडी राहील. नाही झाली तर विकायची, दारात उभी करून रोज बघत बसायचं नाही. हे त्यानं माझ्याच काळजीनं म्हटलं होतं, कारण मला पार्किंगमध्ये बंद गाडीत एकटीला बसलेलं त्यानं दोनदा पाहिलं होतं. मी हो म्हटलं.

हे काम काकांनी अंगावर घेतलं. नात्यातले नव्हेत, आमच्या कंपनीला मशीनं पुरवणारे, सगळेच त्यांना काका म्हणतात. भोसरीला त्यांचं वर्कशॉप आहे. कारखान्यांना लागणारी खास मशीनं ते बनवतात. दिवसभर एकच काम न चुकता करायचं, दाबायचं, वळवायचं नाहीतर भोकं पाडायची, अशी मशीनं. मूळचे आम्ही राहतो त्या मोशीचेच. इंद्रायणीच्या काठाला त्यांची शेती होती, तिथं आता आमच्यासारख्यांच्या सोसायट्या आहेत. "तुमच्या सातव्या मजल्याच्या खाली माजी वांगी हायेत," असं ते मला ऐकवायचे. त्यांची मशीनं मी कित्येकदा नापास करून परत पाठवली होती. प्रत्येक वेळी ते भांडले होते, आणि मग आठ दिवसांत मशीन सुधारून घेऊन आले होते. म्हणून मला त्यांचा भरवसा होता.

त्यांनी गाडीत डोकं घातलं, गिअरची दांडी सगळीकडे हलवून पाहिली आणि म्हणाले, "दोन सिलिंडरचं काम हाय, ताई. एक आडवा, एक उभा. बाकी डोकं वायरिंगला लागंल."

डोकं चार महिने लागलं. डिकीत हवेची छोटी टाकी आली. दांडीच्या बुडाशी हवेवर चालणारे सिलिंडर बसले, ते दांडी ढकलायचे. स्टिअरिंगवर मुठीएवढा गोल दांडा बसला, एका हाताने चाक फिरवायला, आणि त्याच दांड्यावर दोन बटणं. अंगठ्याखालचं दाबलं की वरचा गिअर, बोटाखालचं दाबलं की खालचा. क्लच माझ्या डाव्या पायात होता, तो पाय ठणठणीत होता. दांडी कुठल्या गिअरला आहे हे मशीनला कळावं म्हणून एका प्लेटवर सहा सेन्सर लावले. लोखंड जवळ आलं की सेन्सरला समजतं, इतकं साधं. गिअर पडताना फुस्स असा आवाज यायचा, आमच्या कंपनीत पत्रा दाबणाऱ्या प्रेस शॉपमध्ये येतो तसाच. पहिल्यांदा तो आवाज आला आणि पहिला गिअर पडला तेव्हा मी काकांच्या कामगारांसमोर रडले, आणि मग डोळ्यांत ग्रीस गेलं असं सांगितलं. कोणाचा विश्वास बसला नसावा.

एका दुपारी चहा घेताना काकांनी वही उघडून विचारलं, "मशीनला संशय आला तर काय करायचं? म्हंजे दोन सेन्सर एकदम लागले, न्हाईतर एकबी लागला न्हाई, तर?"

मी मान वर न करता म्हणाले, "न्यूट्रल. आणि परत सुरुवात पहिल्यापासून."

आमच्याकडच्या सगळ्या मशीनांना हाच नियम असतो. काही बिनसलं की सगळं मागं घ्यायचं, मूळ जागेवर आणून ठेवायचं आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरू करायचं. या नियमामुळे आमच्याकडे लोकांची बोटं शाबूत आहेत. काकांनी तो वहीत लिहिला, खाली त्यांनी सही केली, मी केली. त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं दोघांनाही वाटलं नाही.

गुरुवारी भोसरी एमआयडीसीला सुट्टी असते. शटरं बंद, रस्ते मोकळे, कुत्री मधोमध झोपलेली. चार गुरुवार मी रजा टाकून त्या रस्त्यांवर गाडी चालवली, काका शेजारी वही घेऊन. चारही गुरुवार एकही गिअर चुकला नाही. तपासणीची तारीख मिळाली, त्यानंतरचा तिसरा सोमवार. कागदांमध्ये मशीन बसवणाऱ्याचं पत्रही लागणार होतं, की हे काम मी केलं आहे आणि ते सुरक्षित आहे. काका म्हणाले, पाचवा गुरुवार झाला की सही करतो.

पाचव्या गुरुवारी मी म्हटलं, आता खऱ्या रस्त्यावर जाऊ. नियमाप्रमाणे तपासणी होईपर्यंत ती गाडी तिथं न्यायचीच नव्हती, आणि हे मला काकांपेक्षा चांगलं माहीत होतं.

"नको ताई," काका म्हणाले. "हितं ठीक हाय."

"कुत्र्यांसमोर पास झालेली गाडी मी पास धरत नाही," मी म्हटलं. ते बिचारे पट्टा लावून बसले. दांडीच्या बुडाशी सेन्सरची प्लेट उघडीच होती. कव्हर तयार होतं, पण ट्रायल चालू आहे, रोज काहीतरी सैल-घट्ट करावं लागतं, म्हणून नंतर लावू असं मीच म्हणाले होते. कंपनीत असं उघडं मशीन दिसलं तर मी रिपोर्ट करते.

चाकणच्या पुढे तळेगावच्या रस्त्याला एक लांब चढ आहे. येणारे-जाणारे एकाच रस्त्यावर, मध्ये दुभाजक नाही. पुढे स्टीलच्या कॉइल लादलेला ट्रेलर चाळिशीनं चढत होता, आमच्या मागे एका कंपनीची बस होती. समोर वरच्या टोकापर्यंत रस्ता मोकळा दिसला. गाडी तिसऱ्यात होती. मी झटक्यात उजवीकडे घेतली आणि दाबली. इंजिन भरत गेलं, सीटनं पाठ ढकलली, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा मी कोणाच्या तरी पुढे जात होते. मला इतका आनंद झाला होता की मी काहीतरी मोठ्यानं बोलले. काय ते आता आठवत नाही.

ट्रेलरच्या मध्यावर आलो आणि फुस्स आवाज आला. मी बटणाला हात लावला नव्हता.

दांडी आपसूक मधे येऊन उभी राहिली. इंजिन नुसतं किंचाळलं, चाकांत काही उरलं नाही. चढावर गाडीचा वेग क्षणात पडला, ट्रेलरच्या बरोबरीला आला. मागे मी सोडलेली जागा बसनं भरून टाकली होती. आणि वरच्या टोकावर दुधाचा टेम्पो दिसला.

मी क्लच दाबून वरच्या गिअरचं बटण दाबलं. मशीननं आम्ही सह्या करून दिलेला नियम पाळला, ते पहिला गिअर टाकायला गेलं. त्या वेगाला पहिला जात नाही. खालून खर्रर्र असा आवाज आला, जसा गिअरचे दात एकमेकांवर घासल्याचा येतो. मी परत दाबलं, परत तेच. टेम्पोनं दिवे मारायला सुरुवात केली. तेवढ्यात काकांनी उजवा हात टाकून स्टिअरिंग धरलं आणि डावीकडे ओढलं. डावीकडे ट्रेलरची चाकं होती, काकांच्या खिडकीएवढी उंच.

"सोडा," मी ओरडले. माझ्याकडे एकच हात होता आणि त्याच्यावर आता त्यांचा हात होता. मी कोपर त्यांच्या मनगटावर हाणलं. त्यांनी सोडलं.

ट्रेलरवाल्यानं आरशात पाहिलं असणार. त्यानं अख्खा ट्रेलर डावीकडे मुरमात उतरवला. टेम्पोवाल्यानं त्याच्या बाजूला उतरवला. आमची बुटकी गाडी त्या दोघांच्या मधून, गिअरशिवाय, राहिलेल्या वेगावर निघाली आणि थोडी पुढे जाऊन कडेला थांबली. माझा पाय ब्रेकवरून निघेना.

ट्रेलरवाला खाली उतरून आला. शिव्या घालेल असं वाटलं होतं. त्यानं खिडकीतून आत पाहिलं, माझा डावा हात सीट आणि दांडीच्या मध्ये उलटा पडलेला पाहिला, आणि शांतपणे विचारलं, "मॅडम, घर में और कोई नहीं है क्या?" त्यानं शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

तो गेल्यावर मी काकांवर तुटून पडले. मशीनवरून एक शब्द बोलले नाही, स्टिअरिंगवरूनच बोलले. गाडी माझी आहे, हात का घातलात, मला काय समजलात. काकांचा चेहरा पांढरा पडला होता. ते एवढंच म्हणाले, "चुकलं, ताई." परत येताना गाडी त्यांनी चालवली. मी डावीकडे बसले.

त्या संध्याकाळी मी बेसिनपाशी डावा हात धूत होते. तो रोज धुवावा लागतो, लहान मुलाचा धुतो तसा, बोटं एकेक उघडून. घड्याळाच्या पट्ट्याला खालच्या बाजूनं पिवळं ग्रीस लागलेलं होतं. त्या गाडीत पिवळं ग्रीस एकाच जागी आहे, गिअरच्या प्लेटवर. मला समजायला वेळ लागला नाही, समजण्याचाच पगार घेते. उजवीकडे झटक्यात वळवताना हात मांडीवरून डावीकडे घसरला होता आणि सरकत सरकत घड्याळासकट उघड्या प्लेटवर पडला होता. गाडी तिसऱ्यात, आणि पाचव्याच्या सेन्सरसमोर स्टीलचा पट्टा. मशीनला दोन गिअर एकदम दिसले होते.

मी साबण घेतला आणि ग्रीस घासून काढलं. कंपनीत कोणी असा पुरावा पुसला असता तर मी त्याला दुसऱ्या दिवशी गेटच्या आत घेतलं नसतं.

नवऱ्याला मी सांगितलं, गिअर अडकला होता. त्यावर त्यानं, दिघीचा एकजण गाडी बघायला येणार आहे, त्याला रविवारचं बोलवू का, असं विचारलं. मी म्हटलं, तपासणी होऊ दे, मग बघू. मला खरं बोलायची भीती कशाची होती तेही सांगते. मशीन बिघडलं असेल तर ते दुरुस्त होतं. बिघाड माझा हातच असेल, तर त्याला काय करणार? सगळे म्हणतील, बघ, आम्ही म्हणत होतोच.

तिकडे काकांनी गाडी वर्कशॉपला ठेवून घेतली आणि एकेक भाग उतरवायला घेतला. रोज त्यांचा फोन यायचा. मशीनच्या नोंदीत तिसरा आणि पाचवा एकाच वेळी लागल्याचं दिसत होतं. एक दांडी दोन जागी असणार कशी? त्यांनी सहाही सेन्सर बदलले. वायरी बदलल्या. मशीन चालवणारं इलेक्ट्रॉनिक कार्ड बदललं. आमच्या धंद्यात बिघाडाच्या मुळाशी जायला पाच वेळा 'असं का झालं' विचारतात. ते पाचही प्रश्न मी त्यांना फोनवर विचारले, पूर्ण गंभीरपणे, फोन स्पीकरवर टाकून, पेन हातात धरून. उत्तर माझ्या मनगटावर टिकटिकत होतं. असा निर्लज्जपणा मी आयुष्यात दुसऱ्यांदा केलेला नाही.

मंगळवारी ते म्हणाले, "ताई, कारन सापडंना. आन् कारन सापडल्याबिगर मी त्या पत्रावर सही करनार न्हाई. माज्या सहीनं कुनाचा जीव जायला नको. बुधवारी दुपारपत्तुर समदं उतरवून देतो, गाडी घेऊन जावा."

बुधवारी मी अर्धा दिवस टाकून भोसरीला गेले. गाडीचं मधलं सगळं उघडं होतं, आणि काका खाली पोत्यावर बसून पहिल्या सिलिंडरचा बोल्ट सोडत होते. आठवड्यात त्यांची दाढी वाढली होती. मी मनात जुळवून आणलेलं सगळं विसरले.

"सोडू नका," मी म्हटलं. "कारण मला माहीत आहे. गुरुवारपासून माहीत आहे."

मी सांगितलं. घड्याळ दाखवलं. साबणाचंही सांगितलं, कारण अर्धं सांगायचं म्हणजे परत खोटंच. त्यांनी पाना खाली ठेवला. कामगारांना हातानंच बाहेर जायला सांगितलं.

"गुरुवारपास्नं," ते म्हणाले. "मी घरात मालकिनीला सांगितलं, माज्या हातनं एका पोरीचा जीव जात व्हता. जेवन गेलं न्हाई मला. आन् तुमी फोनवर इचारत व्हता, दुसरं कारन काय, तिसरं कारन काय."

मी उभी राहिले. माफी मागितली, ती फार बारीक आवाजात निघाली. ते उठून बाहेर गेले, नळावर तोंड धुतलं, खांद्यावरच्या टॉवेलला पुसत परत आले. मला वाटलं आता जा म्हणतील. त्यांनी वही काढली, ते पान उघडलं आणि माझ्यासमोर धरलं.

"पर हे बघा. घड्याळानं नुसता संशय घातला. दांडी मागं आनली कुनी? आपन. दोघांच्या सह्या हायेत. घड्याळ नसतं तर एखादं नानं पडलं असतं, चावी पडली असती. तेच झालं असतं."

मी ते पान पुन्हा वाचलं. न्यूट्रल, आणि परत सुरुवात पहिल्यापासून. कारखान्यात मशीन थांबलं की माणूस वाचतो. हे आमच्या दोघांच्या इतकं अंगवळणी पडलेलं होतं की रस्त्याच्या मधोमध गाडी थांबली तर काय होतं, हा प्रश्न दोघांनाही पडला नाही. चहा पीत पीत आम्ही गाडीत प्रेस मशीन बसवलं होतं. मला एकदम खाली बसावंसं वाटलं आणि मी पोत्यावर बसले.

नियम तिथंच बदलला. संशय आला तर दांडी जिथं आहे तिथंच राहणार. डॅशबोर्डवर लाल दिवा लागणार. पुढचा गिअर मी क्लच दाबून मागितल्याशिवाय काहीही हलणार नाही, आणि मागितला तर शेवटच्या खात्रीच्या गिअरपासून मोजून पडणार. प्लेटवर कव्हर बसणार, ते स्क्रूनं. काकांनी तिथल्या तिथं बदल केले आणि उभ्या गाडीत वीस वेळा सेन्सरसमोर पाना धरून पाहिला. वीस वेळा दांडी हलली नाही, दिवा लागला.

"मग करा सही," मी म्हटलं.

"तुमच्या कंपनीत असं चालतं का?" त्यांनी विचारलं.

नाही चालत. आमच्याकडे रोज सकाळी, लाइन सुरू व्हायच्या आधी, मुद्दाम लाल रंग दिलेला एक खराब पीस मशीनमध्ये घालतात. मशीननं तो पकडला तरच काम सुरू. आणि तो पीस कागदावरचा चालत नाही, खराच लागतो. हे नियम मीच काकांना शिकवले होते.

"त्याच चढावर," मी म्हटलं. "तिसऱ्यात, इंजिनवर लोड असताना. कव्हर काढून."

"मी पाना धरतो."

"पाना नको. हात."

माझा हात स्वतःहून पडणार नव्हता, ते दोघांना कळत होतं. तो कोणीतरी उचलून टाकायला हवा होता. दोन वर्षांत डॉक्टर आणि नवरा सोडून त्याला कोणी हात लावलेला नव्हता. सासूबाईंनी एकदा प्रेमानं लावला तर मी झटकून दूर झाले होते.

गुरुवारी सकाळी आम्ही गेलो. नवरा स्वतःहून आला, त्याच्या गाडीनं, आमच्या मागे अंतर ठेवून, म्हणजे मागून कोणी चिकटू नये. आदल्या दिवशी मी त्यालाही सगळं सांगितलं होतं. त्यानं ऐकून घेतलं आणि किती वाजता निघायचं तेवढं विचारलं. चढाच्या पायथ्याशी आम्ही समोरून मोठ्या गाड्या यायच्या थांबेपर्यंत उभे राहिलो.

"हात लावू का, ताई?" काकांनी विचारलं.

मी मान हलवली. त्यांनी माझा डावा हात दोन्ही हातांनी उचलला, खालून आधार देऊन. मला स्पर्श कळत नाही, वजन गेलेलं खांद्याला कळतं. त्यांचे दोन्ही हात माझ्या हातात गुंतले होते, आता स्टिअरिंग धरायला त्यांच्याकडे हातच उरला नव्हता. त्यांनी ते मुद्दाम केलं होतं की नाही मी विचारलं नाही.

पहिला, दुसरा, तिसरा. मी दाबली. चढ अंगावर आला.

"टाका," मी म्हटलं.

त्यांनी हात सोडला. प्लेटवर स्टील आपटल्याचा टक्क आवाज आला. लाल दिवा लागला. मी फुस्सची वाट पाहत होते, आख्खं अंग तेवढ्या एका आवाजासाठी ताठ झालं होतं. आवाज आला नाही. गाडी तिसऱ्यात ओढत राहिली. मी क्लच दाबला, अंगठा दाबला, चौथा पडला. माथ्यावरून गाडी पलीकडे उतरली.

"परत," काका म्हणाले. त्यांचे डोळे मिटलेले होते.

तीन वेळा केलं. तिन्ही वेळा दांडी जागची हलली नाही. तिसऱ्या वेळी काकांनी हात उचलून माझ्या मांडीवर नीट ठेवला, बोटं सरळ करून, आणि सीटबेल्टच्या पट्ट्याखाली अडकवला. मी कडेला गाडी घेतली. नवरा मागे थांबला, पण उतरला नाही.

काका खाली उतरले. पत्र त्यांच्या वहीत घडी करून ठेवलेलं होतं, ते त्यांनी काढलं आणि बॉनेटवर पसरलं. पण पेन मागितलं नाही. ते रस्त्याकडे बघत उभे राहिले.

"ताई, एक इचारू? त्या दिवशी भ्या वाटलं व्हतं?"

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"न्हाई, तुमी घाबरलेल्या मला दिसल्याच न्हाई," ते म्हणाले. "मरता मरता वाचलो आन् तुमी माज्याशी स्टिअरिंगवरनं भांडत व्हता. मशीनचं मला आता काय वाटत न्हाई. मला तुमचं वाटतंय. ज्याला भ्या न्हाई त्येला मी ही गाडी कशी देऊ?"

डॉक्टरांनी विचारलं होतं, सासूबाईंनी विचारलं होतं, नवऱ्यानं तर कितीदा. मी सगळ्यांना 'नाही' हे एकच उत्तर दिलं होतं, आणि ते देताना आवाज कधी हलला नव्हता.

"वाटलं होतं," मी म्हटलं. "खूप वाटलं होतं. आत्ताही वाटत होतं, तिन्ही वेळेला. रोज वाटतं. घरात जिना उतरतानासुद्धा वाटतं."

काकांनी मला पुरं रडू दिलं. मग पेन मागितलं. चढावर वारा होता, कागद उडत होता. मी उजव्या हातानं डावा हात उचलला आणि कागदावर ठेवला. त्यांनी त्याच्या शेजारी सही केली.